डाव्या कानाचा साचा

या, जरा जवळ सरका. तिथं पंख्याच्या घरघरीत अर्धंच ऐकू येईल. पण बसा माझ्या उजव्या बाजूला, डावीकडे नको. का, ते पुढं येईलच. गोष्ट सांगते ती भर दुपारची आहे, माझ्या कामाच्या जागेवरची. तिच्यात स्मशान नाही, मध्यरात्र नाही. एक कान आहे आणि एक शब्द आहे, एवढंच.

माझं नाव लमदुआन. बँकॉकला बान मोच्या गल्लीत खाली स्पीकर आणि तारांची दुकानं आहेत, त्यांच्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर आमची खोली. सत्तावीस वर्षं मी लोकांच्या कानात बघत आले. आधी इस्पितळात, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. गेली अकरा वर्षं इथं, ज्यांना सगळं ऐकू येतं तरी पुरत नाही त्यांच्यासाठी. माणूस येतो, मी त्याच्या दोन्ही कानांचे साचे घेते आणि माझा जोडीदार उदोम त्या साच्यांवरून इअरफोन घडवतो. दुसऱ्या कुणाच्या कानात ते बसत नाहीत. बसणारच नाहीत. बोटांचे ठसे वेगळे तसे कान वेगळे. एकाच माणसाचा उजवा आणि डावासुद्धा जुळत नाही.

कानातल्या मळाची मला किळस नाही, हे आधीच सांगून ठेवते. मधासारखा ओला मळ पाहिलाय, खोबऱ्याच्या किसासारखा कोरडा पाहिलाय, जुन्या गुळासारखा काळा, केसांत गुंतलेला पाहिलाय. एका बँकवाल्या साहेबाच्या कानातून वाळकं झुरळाचं पिल्लू काढलं, हात धुतले आणि आंबा-चिकटभाताचा डबा उघडला. उदोम ओकायचा बाकी होता.

"ताई, तुमच्या पोटात देवानं आतडी घातलीत की रबरी नळ्या?"

"तू आपलं इअरफोनचं कवच घासायचं बघ," मी म्हटलं.

आता पुढं जेव्हा मी म्हणेन की मला किळस आली, तेव्हा हे झुरळ आठवा.

मला एकच वेड आहे, गायलेल्या प्रवचनाचं. पोटची मुलंसुद्धा दान करून टाकणाऱ्या राजपुत्राची कथा आमच्याकडे तेरा भागांत, सुरात, एका दिवसात गातात. त्यातला तो भाग, जिथं आई फळं घेऊन रानातून परत येते आणि मुलं जागेवर नसतात, मग ती झाडाझाडाला विचारत फिरते. तो भाग गाणारा खरा असेल तर मंडपात एक डोळा कोरडा राहत नाही. लहानपणी फेत्चबुरीकडच्या आमच्या गावात मी तो लुआंगता सवेंग यांच्या तोंडून ऐकला. लुआंगता म्हणजे भिक्खू आजोबा. तोंडात एकही दात नव्हता, पण आवाज असा की दिव्याची वातसुद्धा न हलता ऐकते असं वाटायचं. त्यानंतर शंभरेक प्रवचनं ऐकली. तो सूर पुन्हा कानी पडला नाही.

विथून आमच्याकडे आला तो एप्रिलमधल्या नव्या वर्षाच्या सणानंतर, दुपारी दोनच्या सुमारास. सत्तेचाळीस वर्षांचा, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी. पिशवीतून त्यानं एकेक हेडफोन काढून टेबलावर मांडला. नऊ होते. उदोमचे हात आपोआप ॲप्रनला पुसले गेले, इतका उंची माल.

"साहेब, देऊळच घेऊन आलात की," उदोम म्हणाला. "एवढे असून इकडे कशाला वाट वाकडी केलीत?"

"एकाही हेडफोनमधून एक शब्द नीट ऐकू येत नाही, दादा." मग माझ्याकडे वळून, "मावशी, लोक म्हणतात तुमच्यासारखा साचा कुणी घेत नाही."

"कुठला शब्द?"

त्यानं उघड्या पाठीचा, बाहेरचंही आत येऊ देणारा मोठा हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला. आधी हात जोडले, क्षमा मागितली. आमच्यात डोक्याला हात लावायचा तर आधी माफी मागायची असते. चांगल्या घरचा होता.

आवाज सुरू झाला आणि दुसऱ्याच ओळीला माझ्या हातातला चिमटा खाली पडला. लुआंगता सवेंग! तीच आई, तेच रान, तोच मधला श्वास. मी रडतेय हे मला उदोमनं कागदी रुमाल पुढं केला तेव्हा कळलं.

"मी होते तिथं," मी म्हटलं. "आठ वर्षांची होते. पहिल्या रांगेत, खांबाला टेकून."

विथूनचा चेहरा पांढरा पडला. त्यानं खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसला.

आमच्या गावची रीत अशी: तेरा भागांतला एकेक भाग एकेका घराकडे असतो. त्या घरच्यांनी फुलं, मेणबत्त्या, दक्षिणा आणायची. भाग संपला की त्या घरच्या बाईनं एकटीनं, मोठ्यानं म्हणायचं, "साधु," म्हणजे भलं झालं. त्यामागून सगळा मंडप म्हणतो. त्या वर्षी रानातल्या आईचा तो भाग रंफाईकडे होता.

"रंफाई माझी आई," विथून म्हणाला. "मी तेव्हा दोन वर्षांचा. त्याच पावसाळ्यात ती तापानं गेली. बाबा रेडिओ दुरुस्त करायचे, त्यांनी टेपवर हे घेऊन ठेवलेलं. तिचा आवाज दुसरा कुठंच नाही. मला तिचं काहीच आठवत नाही, मावशी. हा एक शब्द आहे, आणि त्या शब्दावर कुणीतरी पान चघळतंय."

मी पुन्हा ऐकलं. खरंच होतं. गाण्याच्या मागे चप, चप, चप. सुपारी चावल्याचा, थुंकी तोंडात घोळल्याचा ओला आवाज. त्या काळी आमच्या म्हाताऱ्या मंडपातसुद्धा तांबडा चुना लावलेलं पान चघळत बसायच्या, मांडीजवळ पितळी पिंकदाणी घेऊन. मला हसू आलं.

"असेल एखादी आजी."

"साध्या हेडफोनमधून ती ऐकूच येत नाही," तो म्हणाला. "चांगला घेतला तेव्हा ती मंडपाच्या कडेला होती. त्याहून चांगला घेतला तर दोन हातांवर. हा बंद पाठीचा घातला तर खांद्याशी. आवाज जितका स्वच्छ, तितकी ती जवळ. आणि आई 'सा' म्हणते न म्हणते तोच ही चावते."

कानात खोल बसणारा, बाहेरचं काही आत न येऊ देणारा इअरफोन घेतला तर दोन्ही आवाज सुटे होतील असं त्याचं म्हणणं. म्हणणं शास्त्राला धरून होतं.

तेव्हा मला एक गोष्ट आठवली आणि मी ती बोलले नाही. त्याच्या बापानं मायक्रोफोन ठेवला होता तो प्रवचनाच्या आसनाच्या पायरीवर. मी खांबापासून सरकत जाऊन त्याला हात लावला म्हणून चापट खाल्ली होती. त्या पायरीपाशी कुणी बसत नाही. बाईमाणूस तर नाहीच. आणि लुआंगतांनी आवाजासाठी पान कधीच सोडलेलं होतं.

"आई पान खायची?" विथूननं विचारलं.

"छे! मोगऱ्याच्या कळ्यांसारखे दात होते तिचे. म्हाताऱ्या चिडवायच्या, रंफाई, पांढरे दात कुत्र्याचे असतात गं! तर ती तोंड भरून हसून सगळेच्या सगळे दाखवायची."

"माझ्याकडच्या एकुलत्या फोटोत तिचे ओठ मिटलेत," तो म्हणाला. "बरं झालं तुम्ही भेटलात."

मी हात जोडून क्षमा मागितली आणि कामाला लागले.

काम साधं असतं. कानात दिवा घालून बघायचं. दुसऱ्या वळणापलीकडे दोरा बांधलेला स्पंजाचा बोळा बसवायचा, म्हणजे सिलिकॉन पडद्यापर्यंत जात नाही. माणसाच्या दातांत ठोकळा द्यायचा, कारण जबडा हलला की कानाची नळी हलते आणि साच्यावर लाटा उठतात. मग सिरिंजनं सिलिकॉन भरायचं आणि पाच मिनिटं गप्प बसायचं.

उजवा साचा सुरेख आला. डाव्यावर लाटा होत्या.

"चघळत होता का हो?"

"तोंडात ठोकळा होता, मावशी."

दुसऱ्यांदा घेतला. पुन्हा लाटा, एकसारख्या अंतरावर.

तिसऱ्यांदा मी त्याच्या जबड्यावर नजर रोखून बसले. जबडा दगडासारखा स्थिर होता. पण कानातून बाहेर लोंबणारा बोळ्याचा दोरा हलत होता. आत ओढला जायचा, सैल पडायचा. आत, सैल. आत, सैल.

पाच मिनिटं झाल्यावर मी साचा ओढला. तो येता येईना. आला तेव्हा आतून जीभ सुटावी तसा चपकन आवाज झाला. नेहमीपेक्षा एक पेरभर लांब होता. टोकाचा स्पंजाचा बोळा चेचलेला, चिवट, कोमट. त्यातून तांबडं पाणी माझ्या मोज्यावर उतरलं. मला वाटलं, पडदा फुटला. दिवा घेऊन आत पाहिलं तर कान कोरडा, पडदा शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा स्वच्छ. बोळा नाकाशी नेला. चुना, सुपारी आणि शिळ्या तोंडाचा वास.

बोळ्याच्या कडेवर खुणा होत्या. लहान, अर्धगोल.

मला किळस आली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मी मोरीकडे धावले. मागून उदोम ओरडला, "ताई, काय झालं?" आणि मी काही सांगू शकले नाही, कारण माझ्या तोंडात पाणी सुटत होतं आणि ते पाणी मला गिळवत नव्हतं.

मी परत आले तेव्हा विथून साचा तळहातावर धरून बसला होता, पाखराचं पिल्लू धरावं तसा.

"टोक कापू नका," तो म्हणाला. "आम्ही जास्तीचं टोक कापतो म्हणाल. कापू नका, मावशी. जितका आत जाईल तितका जाऊ दे."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण माझ्यासमोर सत्तेचाळीस वर्षांचं एक लेकरू बसलं होतं ज्याला आईचा एक शब्द हवा होता. आणि खरं सांगते, मलाही तो सूर पुन्हा ऐकायचा होता.

उदोमनं साचा तीनदा स्पिरिटनं धुतला. प्रत्येक वेळी स्पिरिट लालसर झालं. चौथ्यांदा धुवायला त्यानं नकार दिला. गळ्यातला ताईत शर्टाबाहेर काढला, हातात दुहेरी मोजे घातले आणि एका आठवड्यात जोड तयार करून दिला. दोन्ही कवचं पारदर्शक रेझिनची. डाव्याची कानात शिरणारी सोंड जास्तच लांब.

विथून आला, बसला, दोन्ही इअरफोन फिरवून घातले. डोळे मिटले. खालच्या गल्लीत कुणी भाजलेली केळी विकत ओरडत होतं. बारा मिनिटं गेली. मग त्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, जन्माचं पुण्य कामाला आलं.

"बोलली," तो म्हणाला. "स्पष्ट बोलली." त्यानं डावा इअरफोन काढून माझ्यापुढं धरला. "तुम्ही तो आवाज खरा ऐकलाय. जगात आता तुम्ही एकट्याच आहात. ऐकून सांगा, तीच ना?"

"अहो, हा माझ्या कानात कसा बसेल? कानापाशी धरते."

मी डाव्या कानाशी धरला.

तो फिरला. माझ्या बोटांनी नाही. सोंड पहिल्या वळणाला वाकली, दुसऱ्या वळणाला वाकली आणि कवच जागेवर बसलं. कुठं टोचलं नाही, कुठं फट राहिली नाही. माझ्याच कानावरून घडवल्यासारखं.

लुआंगता गात होते. छताचे पंखे फिरत होते. एक लहान मूल किरकिरत होतं, तो विथून. आणि चप, चप, चप. माझ्या डोक्याच्या आत. गालाच्या आतल्या बाजूला कुणाची तरी जीभ फिरतेय इतक्या जवळ.

सूर संपला.

चघळणं थांबलं.

पिंक पडल्याचा आवाज झाला, जड आणि दाट.

मग भरल्या तोंडानं, ओठांच्या कडेनं ओघळ सावरत कुणीतरी म्हणालं, "साधु."

मागून सगळा मंडप म्हणायला हवा होता. म्हणाला नाही. तिथं मंडपच नव्हता. फक्त कुणीतरी माझ्या उत्तराची वाट बघत होतं.

विथूनचे डोळे माझ्यावर होते. त्या डोळ्यांत बघून "नाही" म्हणणारी बाई मी नाही.

"हो," मी म्हटलं. "रंफाईच."

आतलं चघळणं पुन्हा सुरू झालं. मी इअरफोन काढायला गेले तर सुटेना. विथूननंच हलकेच फिरवून काढला. काढला तेव्हा पाहिलं, त्याच्या फोनवरचं रेकॉर्डिंग केव्हाच संपलेलं होतं.

पावसाळा लागल्यावर तो दर पंधरवड्याला साफसफाईला येऊ लागला. डाव्या इअरफोनच्या तोंडाशी मळ अडवायला बारीक जाळी असते, ती सारखी भरायची. मळानं नाही. तांबड्या, चिकट, तंतूतंतूच्या चोथ्यानं. मी सुईनं काढायची आणि तो वास दिवसभर माझ्या नखांतून जायचा नाही. डब्यातला भात मी भटक्या कुत्र्यांना घालू लागले.

विथूनचा जबडा आता हलत असायचा. तोंडात काही नसताना. ओठांच्या कोपऱ्यांना तांबडी रेघ.

"ती आता बाकीचंही बोलते," एकदा म्हणाला. "मला बाळ म्हणते."

एकदा तो बाहेर फोनवर बोलायला गेला तेव्हा उदोमनं गुपचूप डावा इअरफोन उचलून आपल्या कानाशी नेला. उदोमचे कान फुलकोबीसारखे आहेत, लहानपणी मुष्टियुद्ध खेळायचा. त्याला कुठलाच इअरफोन बसत नाही, आमची नेहमीची थट्टा. त्यानं तो खाली ठेवला आणि जाऊन साबणानं कान धुवत राहिला. किती वेळ ते सांगत नाही.

"बसला?" मी विचारलं.

"ताई, आजपासून मला काही विचारू नका."

सप्टेंबरमध्ये मी हिय्या केला. पवित्र दिवशी देवळात गेलेल्यांच्या नावानं पाणी ओतून पुण्य वाटलं आणि तशीच विथूनच्या घरी गेले. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. कानांत काही नव्हतं, तरी मान एका बाजूला कलती होती. मी हात जोडले.

"मी खोटं बोलले, बाळा. ती तुझी आई नव्हती. रंफाईचा आवाज स्वच्छ होता, सकाळच्या घंटेसारखा. हे जे काही आहे ते तिच्या शब्दावर बसलंय."

तो हसला. आतून दात काळेलाल झाले होते.

"माहितीये मला, मावशी. पहिल्या दिवसापासून माहितीये. पण मला दुसरं कोण बाळ म्हणतं?"

मी म्हणाले होते की, आत्ताच. त्याच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

नोव्हेंबरात तो गेला. डॉक्टर म्हणाले हृदय. मी त्याच्या हातावर पाणी घालायला गेले. आमच्यात शेवटचा निरोप असाच देतात. हात थंड होता, शांत होता. हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधली होती, जबडा मिटलेला राहावा म्हणून. ती सैल पडली होती.

"तीनदा आवळून बांधली, मावशी," त्याची धाकटी सावत्र बहीण हळूच म्हणाली. पट्टीवर तांबडे डाग होते. मी चौथ्यांदा बांधली. बांधताना माझ्या बोटांना खालून धक्का लागला. लागला असं वाटलं.

इअरफोनची डबी बहिणीनं चितेवर ठेवली. जळतानाचा वास रेझिनचा होता आणि चुन्याचा.

झालं. गोष्ट एवढीच.

आता माझं एक काम करा. मला एकच शब्द एकदा ऐकू आलाय, पण त्यानं माझ्या आठवणीत वाट केलीय. मी डोळे मिटले की तोच मंडप दिसतो. मी आठ वर्षांची, खांबाला टेकलेली. पुढं रंफाई पाठमोरी. पूर्वी ती वळायची आणि मोगऱ्याच्या कळ्यांसारखी हसायची. आता वळायला वेळ लावते. खांदे हलत असतात. आणि वळते तेव्हा मी डोळे उघडते, कारण हनुवटीवरून काहीतरी ओघळताना मला दिसलेलं असतं.

तिचे पांढरे दात पाहिलेलं आता जगात कुणी उरलं नाही. मी होते, माझ्यावर आता भरवसा नाही. तुम्ही मात्र ते दात माझ्या तोंडून ऐकलेत, मी बिघडायच्या आत. म्हणून पुढच्या पवित्र दिवशी पाणी ओताल तेव्हा रंफाईचं नाव घ्या. पांढऱ्या दातांची रंफाई, म्हातारीनं चिडवलं की तोंड भरून हसणारी. तशीच आठवा. मोठ्यानं म्हणा "साधु," आणि स्वच्छ तोंडानं म्हणा.

आणि माझ्या जबड्याकडे असं बघू नका. मी काही खात नाहीये.